पाच प्रकारची बीजे आणि आपली घरची रोपवाटिका

झाड लावायचे म्हणजे बी पेरायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण ऊस आपण बी पेरून लावत नाही. हळद, आले, केळ, शेवंती, पुदिना, जास्वंद यांपैकी एकही रोप घरात आपण बियांपासून करत नाही. कुणाचा कंद लावतो, कुणाची फांदी खोचतो, कुणाचा शेंडा खुडून मातीत रोवतो. या सर्व पद्धतींना पालि साहित्यात एकच नाव आहे, ते म्हणजे 'बीज'. त्या बीजाचे पाच प्रकारही तेथे स्पष्टपणे सांगितले आहेत. धम्माच्या अभ्यासकांना हा उल्लेख परिचित असतो. परंतु तो केवळ भिक्खूंच्या नियमांचा भाग म्हणून वाचला जातो आणि पान उलटले जाते. वास्तविक पाहता हे वर्गीकरण आजही गॅलरीतल्या डब्यात, चाळीच्या कठड्यावर किंवा गावच्या परसात जसेच्या तसे उपयोगी पडणारे आहे. म्हणून प्रस्तुत लेखात हे पाच प्रकार समजून घेऊन त्यांच्या आधारे घरच्या घरी रोपे कशी तयार करावीत, याचा विचार करू.

पालि साहित्यातील पाच बीजे

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांमध्ये अकरावा नियम वनस्पतींना इजा न करण्याविषयीचा आहे. आळवी येथील भिक्खू विहाराच्या कामासाठी झाडे तोडत होते, त्यावरून हा नियम घालून दिला गेला, असे तेथे सांगितले आहे. नियम केला म्हणजे व्याख्या करणे आले. 'वनस्पती' म्हणजे नेमके काय? ज्यात पुन्हा वाढण्याची शक्ती आहे ते. ही शक्ती वनस्पतीच्या कोणकोणत्या भागात असते? याचे उत्तर म्हणून पुढील पाच प्रकार आले आहेत.

१) मूलबीज : जमिनीखालच्या भागापासून वाढणारे. उदाहरणे हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा.

२) खंधबीज : खोडापासून किंवा फांदीपासून वाढणारे. उदाहरणे पिंपळ, वड, उंबर.

३) फळुबीज : पेरापासून वाढणारे. उदाहरणे ऊस, वेळू, नळ.

४) अग्गबीज : शेंड्यापासून वाढणारे. तुळशीच्या कुळातील सुगंधी वनस्पती व वाळ्यासारख्या काही वनस्पतींची नावे येथे येतात.

५) बीजबीज : प्रत्यक्ष बियांपासून वाढणारे. तृणधान्ये, कडधान्ये व भाज्या.

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तातही हीच पाच नावे आली आहेत. संयुत्त निकायात तर 'बीज सुत्त' नावाचे स्वतंत्र सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध भिक्खूंना विचारतात त्याचा आशय असा : ही पाचही बीजे चांगली असली, पण माती आणि पाणी नसेल तर ती वाढतील काय? नाही. माती आणि पाणी भरपूर आहे, पण बीज फुटलेले, कुजलेले, वाऱ्या-उन्हाने मारलेले असेल तर? तरीही नाही. बीज चांगले आणि माती-पाणीही आहे, तर? तर वाढतील. पुढे हा दृष्टांत विज्ञानाला, म्हणजे जाणिवेला, लावून दाखविला आहे. त्यातील तत्त्वज्ञान खोल आहे व तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपल्यापुरता त्यातील साधा अर्थ एवढाच की कोणतीही गोष्ट कारणे जुळून आली म्हणजे घडते आणि कारणे नसली म्हणजे घडत नाही. कुंडीत रोप जगणे हा या नियमाचा सर्वात स्वस्त आणि सर्वात स्वच्छ पुरावा आहे.

याच सुत्तात चांगल्या बीजाच्या पाच कसोट्या मिळतात. ते अखंड असावे, कुजलेले नसावे, वाऱ्या-उन्हाने वाळून गेलेले नसावे, त्यात जीवनसत्त्व शाबूत असावे आणि ते नीट रोवलेले असावे. बी असो, कंद असो वा फांदी असो, या पाच गोष्टी पाहिल्याशिवाय हातात घेऊ नये.

पूर्वतयारी

भांडी विकत आणण्याची गरज नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, तेलाचे डबे, नारळाच्या करवंट्या, फुटक्या माठाचा बूड काहीही चालते. मात्र तळाला भोके हवीत. पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. घरातील बहुतेक रोपे पाण्यावाचून मरत नाहीत, जास्त पाण्याने मरतात.

बी पेरण्यासाठी व फांद्या लावण्यासाठी निम्मी माती व निम्मी धुतलेली जाड वाळू पुरेशी आहे. या वेळी खत घालू नये. फांदीला अजून मुळेच नसल्यामुळे खताचा उपयोग होत नाही, उलट कापलेला भाग कुजण्याची भीती असते. रोप धरल्यानंतर दुसऱ्या भांड्यात हलविताना दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्यावे.

पाणी द्यावे की नाही हे ठरविण्याची सोपी खूण म्हणजे बोट मातीत एक पेरभर खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. नवीन लावलेल्या फांद्या उन्हात ठेवू नयेत. मुळे नसताना पानांतून पाणी उडून जाते आणि फांदी सुकते. भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशी जागा पाहावी. चाळीतल्या किंवा इमारतीतल्या पूर्वेकडच्या खिडकीत अशी जागा सहज मिळते.

मूलबीज : कंद, सकर व वाटणी

या प्रकाराला सर्वात कमी कौशल्य लागते, म्हणून नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी. बाजारातून भाजीसाठी आणलेल्या आल्यात टपोरे डोळे असलेले तुकडे निवडावेत. प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून कापावे, कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्यावी आणि डोळे वर ठेवून दोन इंच खोल लावावे. वेळ मे-जूनची. हळदीचेही तसेच. साधारण आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळू लागली की कंद तयार झाले असे समजावे. पसरट डबा घ्यावा, कारण हे कंद आडवे वाढतात.

दुसरी रीत वाटणीची. गवती चहा, वाळा, कर्दळ, लिली यांची बेटे दोन-तीन वर्षांनी दाट होतात व मधला भाग मरू लागतो. असे बेट उकरून, प्रत्येक भागाला मुळे व कोंब दोन्ही राहतील अशा रीतीने वेगळे करावे. वर वाढलेली पाने निम्मी छाटावीत. पावसाळ्याच्या तोंडाला केलेली वाटणी क्वचितच वाया जाते. कोरफडीची बाजूला येणारी पिल्ले आणि केळीचे मुनवे हेही याच प्रकारात येतात. केळीसाठी रुंद पानांचे नव्हे, तर तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे घ्यावेत, कारण त्यांचा कंद भक्कम असतो.

बुद्धवंदनेला आपण शेवंती वाहतो. फुलांचा बहर संपला की शेवंतीचे झुडूप जमिनीपासून चार बोटांवर छाटावे. थोड्याच दिवसांत बुडाशी नवीन फुटवे येतात. ते मुळांसह वेगळे करून लावले की एका झुडपाची पाच-सहा झुडपे होतात.

खंधबीज : फांदीपासून रोप

जास्वंद, गावठी गुलाब, अडुळसा, डाळिंब, अंजीर, तुती, बोगनवेल, चाफा, शेवगा ही सर्व या वर्गातील. बागकामात याला छाटकलम म्हणतात. रीत अशी :

साधारण एक वर्ष वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, निरोगी फांदी घ्यावी. फार कोवळी कुजते, फार जुनी मुळे धरत नाही. सहा ते आठ इंचांचा, तीन-चार डोळ्यांचा तुकडा करावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली व तिरपा घ्यावा. मुळे बहुधा डोळ्याच्या जवळूनच फुटतात. वरचा काप डोळ्याच्या अर्धा इंच वर व सरळ घ्यावा. तिरपा खाली आणि सरळ वर अशी सवय लावली की फांदी उलटी रोवली जाण्याची चूक होत नाही. खालची पाने काढून टाकावीत, वरची एक-दोन ठेवून तीही निम्मी कापावीत. दोन डोळे मातीत जातील इतपत खोचून माती दाबावी.

यानंतर धीर धरण्याचे काम आहे. आठ-दहा दिवसांत नवीन पालवी फुटते आणि आपल्याला वाटते की रोप लागले. पण ही पालवी फांदीतल्या साठलेल्या अन्नावर फुटलेली असते, मुळे अजून नसतात. पुष्कळ लोक या वेळी मूळ पाहण्यासाठी फांदी उपटतात आणि तीच तिची शेवटची घटका ठरते. तीन ते सहा आठवडे हात लावू नये. नंतर हलकेच ओढून पाहावे. फांदीने मातीला धरून ठेवले असेल तर मुळे आली आहेत.

चाफ्याची फांदी कापल्यावर चीक येतो. ती सावलीत आठवडाभर सुकू देऊन मग लावावी, नाहीतर कुजते. शेवग्याची फांदी मात्र मनगटाएवढी जाड व तीन-चार फूट लांब घेतात.

मोगऱ्यासाठी दाबकलम सोपे. जमिनीलगतची फांदी वाकवून, मधला भाग थोडा खरवडून मातीत दाबावा आणि वर दगड ठेवावा. मूळ झाडापासून अन्न मिळत राहिल्यामुळे ती सुकत नाही. मुळे धरल्यावर कापून वेगळी करावी. फांदी जमिनीपर्यंत येत नसेल तर माती फांदीपर्यंत न्यावी, हेच गुटीकलम. पावसाळ्यात डाळिंब, पेरू अशा झाडांच्या बोटभर जाडीच्या फांदीवरील एक इंच रुंदीची साल गोल काढावी, आतला बुळबुळीत थर खरवडावा, त्यावर ओले शेवाळ किंवा भिजवलेला काथ्याचा भुसा गुंडाळून प्लॅस्टिकच्या तुकड्याने दोन्ही टोके घट्ट बांधावीत. साल काढल्यामुळे पानांत तयार झालेले अन्न खाली उतरू शकत नाही, ते तेथेच साठते आणि तेथून मुळे फुटतात. दीड-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली की त्याच्या खाली कापून कुंडीत लावावे.

फळुबीज आणि अग्गबीज

पेरापासून वाढणाऱ्यांमध्ये ऊस मुख्य. ग्रामीण भागातील आपल्या लोकांना दोन डोळ्यांची टिपरी नव्याने सांगायला नको. तोच नियम नागवेल, मनी प्लँट, रताळ्याचा वेल यांनाही लागू आहे. जीव डोळ्यात आहे, मधल्या कांड्यात नाही. डोळा नसलेले कांडे कितीही लांब असले तरी ते कुजून जाणार. मनी प्लँटचा एकच पेर, एक पान व खाली एक लहानसे हवाई मूळ असा तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवला तरी पुरतो.

शेंड्यापासून वाढणाऱ्यांमध्ये सब्जा, तुळस, पुदिना, पानओवा व शेवंतीचे कोवळे शेंडे येतात. तीन-चार इंचांचा शेंडा सकाळी खुडावा, कारण त्या वेळी त्यात पाणी भरलेले असते. फुले किंवा मंजिऱ्या असल्यास काढून टाकाव्यात, नाहीतर सगळी शक्ती फुलण्यात जाते. खालची पाने काढून शेंडा ओल्या वाळूत रोवावा. पुदिना तर पेल्यातल्या पाण्यातही मुळे धरतो. पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, म्हणजे डासांच्या अळ्याही होत नाहीत. मुळे इंचभर झाली की लगेच मातीत हलवावे. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतील चार काड्या चटणीत न घालता पेल्यात ठेवल्या तर पुढे जुडी आणावी लागत नाही.

बीजबीज : बी पेरणे

बी ताजे की जुने हा पहिला प्रश्न. कडुनिंब, जांभूळ, आंब्याची कोय, कढीपत्ता यांचे बी थोड्याच आठवड्यांत निकामी होते. ते गर काढून, धुऊन लगेच पेरले पाहिजे. उलट मिरची, वांगी, टोमॅटो, दुधी, कारले यांचे बी नीट वाळवून कोरड्या डब्यात ठेवले तर पुढच्या हंगामापर्यंत सहज टिकते. आपल्या आया-आज्या गाडग्यात राखेत बी ठेवीत असत. राख ओल शोषते आणि कीड दूर ठेवते. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या या बायांच्या नावावर सात-बारा नव्हता, पण कोणते बी कधी काढायचे आणि कसे ठेवायचे याचे ज्ञान त्यांच्याकडे होते. शहरात आल्यावर एका पिढीतच ते आपण विसरत चाललो आहोत.

जुन्या बियांची परीक्षा करणे सोपे आहे. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवडाभरात सात-आठ उगवल्या तर बी चांगले. दोन-तीनच उगवल्या तर ते तिप्पट पेरावे किंवा टाकून द्यावे.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. राजगिऱ्यासारखे बारीक बी नुसते वर भुरभुरून हलके दाबावे. धणे आधी रगडून दोन भाग करावेत, कारण एका धण्यात दोन बिया असतात. पपईच्या बीवरचा बुळबुळीत पापुद्रा राखेत चोळून काढावा, त्याशिवाय ती लवकर उगवत नाही. कमळाच्या बियांचे कवच इतके कठीण असते की ती खरबरीत दगडावर एका बाजूने आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासावी लागते. मग रोज पाणी बदलत भिजत ठेवली की साधारण आठवडाभरात कोंब येतो.

रोपे उगवून आल्यावर बुडाशी काळी पडून आडवी होतात, त्याला रोपे कोलमडणे म्हणतात. दाट पेरणी, कोंदट हवा आणि सततची ओल यांमुळे मातीतील बुरशी वाढून हे घडते. पातळ पेरावे, सकाळीच पाणी द्यावे, हवा खेळती ठेवावी.

बी की फांदी?

येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घेतला पाहिजे. बीपासून होणारे रोप हे झाडाचे अपत्य असते. त्यात आईचा व बापाचा दोघांचा वाटा असतो. म्हणून हापूसची कोय लावली तरी हापूसच मिळेल असे नाही, आणि संकरित टोमॅटोचे बी घरी धरले तर पुढच्या वर्षी फळे नाना तऱ्हेची येतात. फांदी, कंद, पेर किंवा शेंडा यांपासून होणारे रोप मात्र अपत्य नव्हे, तेच झाड होय. ते फक्त दुसऱ्या जागी वाढू लागलेले असते.

हा फरक आपल्या परंपरेतही आढळतो. जातक अट्ठकथेनुसार श्रावस्तीच्या जेतवनातील आनंदबोधी हा महामोग्गल्लान यांनी आणलेल्या पिकलेल्या फळापासून झाला व तो अनाथपिंडिकाने लावला. म्हणजे ते बीजबीज. इ.स.पू. तिसऱ्या शतकात संघमित्रा थेरींनी श्रीलंकेत नेली ती मात्र बोधिवृक्षाची फांदी होती, म्हणजे खंधबीज. राजा देवानंपिय तिस्साच्या काळात अनुराधपूर येथे ती लावली गेली. महावंसात या प्रसंगाचे चमत्कारपूर्ण वर्णन आहे. फांदीभोवती मनशिळेने रेषा ओढली, ती सुगंधी मातीने भरलेल्या सुवर्णपात्रात स्थिरावली आणि त्या रेषांतून मुळे फुटली, असे तेथे म्हटले आहे. चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. पण फांदीभोवती गोल खूण, भोवती ओली माती आणि खुणेतून फुटणारी मुळे हे वर्णन वाचताना गुटीकलम बांधणाऱ्याला आपले काम आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच ग्रंथात पुढे या वृक्षाच्या फळांपासून आधी आठ व नंतर बत्तीस रोपे झाली आणि ती ठिकठिकाणी लावली गेली असाही उल्लेख आहे.

बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात पडला. त्याच्या बिया आधीच गोळा केलेल्या होत्या आणि त्याची कोवळी रोपे अस्तित्वात होती, असे कनिंगहॅम यांनी नमूद केले आहे. सध्याचा वृक्ष १८८१ साली लावलेला आहे. सारनाथला १९३१ साली अनागारिक धम्मपाल यांनी अनुराधपूरच्या वृक्षाचे रोप लावले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षही भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांचा आहे. एका ठिकाणचा वृक्ष नष्ट झाला तरी दुसऱ्या ठिकाणी तो राहिला, याचे कारण कोणीतरी वेळेवर रोपे तयार करून ती दुसऱ्यांना देऊन ठेवली होती.

आपल्या वस्तीसाठी बोधिवृक्ष

पिंपळाची फळे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकून जांभळी होतात. ती पाण्यात चुरगाळून बारीक बी वेगळे करावे. ओल्या विटेच्या चुऱ्यावर ते भुरभुरावे, वर माती टाकू नये, कारण या बीला उजेड लागतो. दोन ते चार आठवड्यांत बारीक कोंब दिसतात. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो तो पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बीमुळे. असे रोप मुळासह निघाले तर कुंडीत लावावे, भिंतही वाचते. फांदीपासून करायचे तर वड सहज धरतो, पिंपळ जरा हट्टी आहे. म्हणून पिंपळासाठी पावसाळ्यातील गुटीकलम अधिक भरवशाचे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पिंपळ घराच्या, विहाराच्या किंवा विहिरीच्या भिंतीजवळ कधीही लावू नये. त्याची मुळे पाया फोडतात. मोकळे मैदान नसेल तर तो काही वर्षे मोठ्या कुंडीत छाटून ठेवावा आणि जागा मिळाल्यावर जमिनीत लावावा. दुसरी, पवित्र स्थळाच्या वृक्षाची फांदी स्वतः तोडू नये. तेथील व्यवस्थापनाकडे रीतसर मागणी करावी. तसेच बाजारातून आणलेल्या पिंपळाच्या रोपाला बुद्धगयेचे रोप म्हणून मिरवू नये. साध्या पिंपळाखाली बसूनही वंदना होते, खोटे सांगण्याचे कारण नाही.

हाताचा गुण आणि विटाळ

'अमकीच्या हाताला गुण आहे, तिने लावले की जगते' असे आपल्या घरांतही बोलले जाते. जिच्या हाताला गुण आहे असे म्हणतात, ती पाणी जपून घालते, फांदी उलटी रोवत नाही आणि उपटून पाहत नाही, एवढेच. कोवळ्या दुधीला बोट दाखवले की तो कुजतो, असेही म्हणतात. तो कुजतो परागीभवन न झाल्यामुळे किंवा फळमाशीमुळे. इमारतीच्या वरच्या मजल्यावर मधमाश्या येत नसतील तर नर फूल तोडून मादी फुलाच्या मधोमध टेकवावे. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, भोपळ्याचे सकाळी, त्यानुसार वेळ पाळावी. मग कितीही बोटे दाखवा.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे पाळीच्या दिवसांत बाईने रोपाला शिवू नये, तिच्या सावलीने वेल करपतो, हा समज. बुद्धधम्म स्वीकारलेल्या कुटुंबांतही सासू सुनेला आणि आई मुलीला अजून हे सांगताना आढळते. स्पर्शाने पाणी बाटते, सावलीने माणूस बाटतो, हे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसले आणि महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली ज्याला जाहीर नकार दिला, त्यांनीच आपल्या मुलीच्या हाताला कुंडीपुरता विटाळ मानावा, ही विसंगती आपण कधी ओळखणार? पटत नसेल तर प्रयोग करावा. एकाच बियांचे दोन डबे, एकच माती, एकच जागा, पाणी सारखे. एका डब्याला मुलीने त्या चार दिवसांत पाणी घालावे, दुसऱ्याला इतर कोणी घालावे. उगवलेली रोपे मोजून वहीत लिहून ठेवावीत. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पारखून घ्यावे, ही शिकवण आपण व्याख्यानात ऐकतो, ती डब्यातही वापरून पाहावी.

वर्षावास आणि रोपांचे दान

पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवे गवत व लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यावरून वर्षावासाचा नियम झाला, असे महावग्गात सांगितले आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा हा काळ फांद्या, कंद व शेंडे लावण्यासाठीही सर्वात अनुकूल. हवेत ओल असते, ऊन सौम्य असते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तेथेच एका कोपऱ्यात पंचवीस-तीस डब्यांची रोपवाटिका सहज होऊ शकते. जूनअखेरीस गुटी बांधावी, आषाढ पौर्णिमेला फांद्या लावाव्यात, श्रावणात वाटण्या व शेंडे. काय लावले, कधी लावले, किती जगले याची एक वही ठेवावी आणि ती सांभाळण्याचे काम मुला-मुलींकडे द्यावे. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत रोपे देण्याजोगी होतात. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाला एक रोप द्यावे : कुणाला अडुळसा, कुणाला शेवंती, कुणाला पुदिना. ज्या वस्तीला मोकळी जागा आहे तिला पिंपळ.

सम्राट अशोकाने गिरनार व इतर ठिकाणच्या दुसऱ्या शिलालेखात नोंदवून ठेवले आहे की माणसांना व जनावरांना उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती, मुळे व फळे जेथे नव्हती तेथे त्याने आणवून लावली. ते काम राजाचे होते, त्याच्यापाशी साधने होती. आपल्यापैकी बहुतेकांपाशी जमीन नाही, पैसाही मोजकाच आहे. पण झाडाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. पैसा दिला तर आपल्याकडचा कमी होतो, फांदी दिली तर झाड अधिकच फुटते. म्हणून गरिबातल्या गरीब उपासकालाही हे दान करता येते. यंदाच्या वर्षावासात प्रत्येक घराने निदान एक डबा मातीने भरावा, त्यात या पाचांपैकी एक बीज लावावे आणि जगल्यावर त्यातले अर्धे शेजारच्या घराला द्यावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.